मुखवटा आधी घडवावा, मग रंगवावा

सहावी ते आठवीच्या वर्गांत कागदाचे मुखवटे करून घेण्याचा उपक्रम आपल्या शाळांना नवा नाही. त्याची रीतही ठरून गेली आहे. फुगा फुगवायचा, त्यावर वर्तमानपत्राचे तुकडे खळीने चिकटवायचे, वाळल्यावर फुगा फोडून कवच मधोमध कापायचे आणि त्या गुळगुळीत अर्धगोलावर पोस्टर कलरने डोळे, भुवया, मिशा काढायच्या. मुखवटे भिंतीवर छान दिसतात, पालकांना आवडतात. पण एवढ्या खटाटोपात मुलाच्या हातून शिल्पाचे काही घडले का, हे विचारून पाहावे. इथे आकार फुग्याने दिलेला असतो, मुलाने नाही. फुगा सगळीकडून बाहेर फुगलेला, त्यावर खोलगट जागा एकही नाही. माणसाचा चेहरा मात्र खोलगट जागांमुळेच ओळखू येतो. डोळ्यांच्या खोबणी, नाकाच्या दोन्ही बाजूंची उतरण, खालच्या ओठाखालचा खळगा या सगळ्या जागा रंगाने भागवल्या, की काम चित्रकलेचेच राहते, फक्त कागद तेवढा वाकलेला असतो. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या कलाशिक्षकांपुढे, आणि जिथे कलाशिक्षक नाही तिथे हा तास सांभाळणाऱ्या वर्गशिक्षकांपुढे, मला एकच म्हणणे मांडायचे आहे. मुखवट्यातून शिल्पकला शिकवायची असेल तर मुखवटा आधी मातीत घडला पाहिजे, कागद त्या घडलेल्या आकारावर चढला पाहिजे आणि रंग सगळ्यात शेवटी, तोही बेताने, लागला पाहिजे.

हे याच वयात का करायचे, ते आधी पाहू. चौथी-पाचवीपर्यंत बिनधास्त चित्रे काढणारी मुले पुढच्या दोन वर्षांत अडखळू लागतात. हात तोच असतो, पण नजर वाढलेली असते. आपले चित्र खऱ्यासारखे दिसत नाही हे त्यांना आता कळते, आणि ‘मला चित्र येत नाही’ असे म्हणून बरीचशी मुले कलेच्या तासातून मनाने बाहेर पडतात. ऑस्ट्रियात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत शिकवणारे कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मुलांच्या कलेचे वयानुसार टप्पे मांडले, त्यात या वयातली ही टोचणी नेमकी टिपली आहे. त्याआधी व्हिएन्नातल्या अंधशाळेत ते मातीकाम शिकवत असत. तिथल्या मुलांनी स्पर्शाच्या आधारे चेहरे घडवले. त्या कामावरून लोवेनफेल्ड अशा निष्कर्षाला आले की सगळीच मुले जग प्रथम डोळ्यांनी समजून घेत नाहीत. काहींची समज अंगातून आणि हातातून येते, आणि डोळस मुलांतही अशी मुले असतात. आपल्या वर्गातल्या ‘चित्र न येणाऱ्या’ मुलांत ती निश्चितच आहेत. चित्र काढताना मुलाला दोन कामे एकदम करावी लागतात: आकार समजून घ्यायचा, आणि तो सपाट कागदावर कसा भासेल ते शोधायचे. मातीत दुसरे काम गळून पडते. नाक पुढे येते तर मातीही पुढे आणायची. शिवाय नमुना शोधायला कुठे जावे लागत नाही. स्वतःचा चेहरा प्रत्येकाजवळ आहे आणि त्यावरून बोटे फिरवायला कोणी अडवत नाही.

नमुन्यांच्या बाबतीत तर खानदेश श्रीमंत आहे, आणि ही श्रीमंती वर्गात फारशी येत नाही याची खंत वाटते. गुजरातेतला सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा ज्यांनी घडवला ते शिल्पकार राम सुतार धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर गावचे. १९२५ साली एका सुतारकाम करणाऱ्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण झाल्यावर १९५० च्या दशकात त्यांनी पुरातत्त्व खात्यात राहून अजिंठा-वेरूळच्या मूर्तींच्या दुरुस्तीचे काम केले. जुन्या शिल्पकाराचा हात कसा चालला हे दगडाला हात लावून वाचण्याचेच ते काम होते. तेच अजिंठा जळगावहून साधारण ६० किलोमीटरवर आहे, आणि सहल तिथे जातेच. मात्र मुलांना चित्रांच्या लेण्यांतून फिरवून आणले जाते आणि २६ व्या लेण्यातल्या महापरिनिर्वाणाच्या मूर्तीसमोर, जी सुमारे ७ मीटर लांब आहे, दोन मिनिटेही थांबवले जात नाही. मिटलेल्या पापणीचा फुगीरपणा डोळ्याच्या गोलावर कसा बसतो हे शिकवायला याहून मोठा फळा मिळणार नाही. चाळीसगावजवळच्या डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथे सापडलेला हसरा, बुटका यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि त्याच्या हातावर तो घडवणाऱ्या कान्हदास सोनाराचे नाव कोरलेले आहे. त्याचे छायाचित्र वर्गात जरूर दाखवावे. हसू म्हणजे नुसते वर वळलेले ओठ नसतात, गाल वर चढतात, डोळे बारीक होतात, नाकपुड्या फाकतात, हे त्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या सोनाराने दगडात स्पष्ट करून ठेवले आहे. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळाच्या संग्रहालयात जुन्या मूर्ती आहेत. साक्री तालुक्यातल्या बळसाण्याची देवळे आणि तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेवाचे देऊळ हीसुद्धा आपल्याच हद्दीत आहेत. मुलांना तिथे नेले तर वही उघडायला लावण्याआधी एवढेच सांगावे: सकाळी आणि दुपारी एकच मूर्ती बघा आणि सावली कुठून कुठे सरकली ते सांगा.

मुखवट्याची म्हणून जी परंपरा आहे तीही लांबची नाही. साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, तिथून पुढे बागलाण, सुरगाणा, डांग आणि थेट जव्हार-मोखाड्यापर्यंत आदिवासी गावांत भोवाडा होतो. कुठे त्याला बोहाडा म्हणतात. रात्री संबळाच्या ठेक्यावर गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण अशी सोंगे एकामागून एक निघतात. त्यांचे मुखवटे पूर्वी लाकडाचे असत, पुढे कागदाच्या लगद्याचेही होऊ लागले. हे मुखवटे मशालीच्या हलत्या उजेडात आणि लांबून पाहण्यासाठी घडवलेले असतात. म्हणूनच त्यांची नाके ठळक, खोबणी खोल आणि कपाळाची कड स्पष्ट असते. रंग भडक असतो हे खरे, पण आकार आधीच बोलत असल्यामुळे तो रंग पेलला जातो. इथे एक आक्षेप रास्त आहे. हे मुखवटे पूजेतले आहेत, सोंग घेण्याआधी त्यांची पूजा होते, त्यांच्या मागे घराण्यांचे मान असतात. शाळेच्या कार्यक्रमासाठी मुलांनी त्यांच्या नकला कराव्यात का? माझे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. देवाचा मुखवटा वर्गात हुबेहूब करायला देऊ नये. तो कसा घडतो, कुठे उंच आणि कुठे खोल आहे, हे अभ्यासावे, जमेल तिथे मुखवटे करणाऱ्या कारागिराला मानधन देऊन शाळेत बोलवावे आणि त्याचे काम पाहावे. मुलांनी स्वतःचे मुखवटे मात्र माणसांचे करावेत. बाजारात केळी तोलणारा अडत्या, उन्हात डोळे बारीक करून पाहणारी आजी, वर्गातला जांभई देणारा दोस्त हे विषय पुरेसे आहेत. राक्षस आणि भुते शक्यतो टाळावीत. भुताचे नाक कुठेही बसवले तरी चालते, आणि चुकल्याचे कळायला तिथे काही आधारच उरत नाही.

आता कृतीकडे येऊ. घडवण्याचा हा क्रम अनुभवी कारागिरांचा आहे. पश्चिम बंगालमध्ये पुरुलिया जिल्ह्यातल्या चरिदा गावी छाऊ नृत्याचे मुखवटे होतात, त्यांना २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिथे आधी मातीचा चेहरा घडवतात, त्यावर बारीक राख भुरभुरतात म्हणजे कागद मातीला धरत नाही, मग पातळ कागदाचे आठ-दहा थर चढवतात आणि वाळल्यावर कवच सोडवून घेतात. राख आपल्याकडेही चुलीपाशी फुकट मिळते. मातीचे मात्र जपून ठरवावे लागते. आपली काळी कपाशीची माती या कामाची नाही. ती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसून भेगाळते, शेतात उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा हेच सांगतात. गावातल्या कुंभाराकडून चाळलेली, मळलेली माती घ्यावी. एका पूर्ण मुखवट्याला भरीव माती वापरली तर साधारण ३ किलो लागते. पन्नास मुलांच्या वर्गात दोघांत एक असे २५ चेहरे धरले तर पाऊण क्विंटल होते. आत चुरगळलेल्या कागदाचा गोळा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवला आणि माती त्याच्यावर थापली, तर गरज निम्म्यावर येते. ही माती वाया जात नाही. काम संपल्यावर पिंपात भिजत घातली की पुढच्या वर्षी तीच. दोन आठवड्यांच्या तासांमध्ये ती वाळू नये म्हणून ओल्या गोणपाटात गुंडाळून वरून प्लॅस्टिक घालावे. दिवाळीनंतरची आपली हवा इतकी कोरडी असते की हे एकदा विसरले तरी चेहरे तडकतात.

माती हातात देण्याआधी एक तास नुसता स्पर्शाचा घ्यावा, आणि तो वगळू नये. मुलांनी डोळे मिटून स्वतःच्या कपाळावरून बोटे खाली आणावीत: कपाळाचे हाड कुठे संपते, डोळ्याची खोबण किती आत जाते, गालाचे हाड कुठे वळून कानाकडे जाते, दातांमुळे ओठांचा भाग कसा गोलाईने पुढे येतो. मग एका बाजूने शेजाऱ्याचा चेहरा पाहावा. बहुतेक मुले चेहरा समोरूनच ओळखतात, बाजूने तो त्यांनी कधी नीट पाहिलेलाच नसतो. केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत चेहऱ्याचे ढोबळमानाने तीन सारखे भाग पडतात: केसांपासून भुवयांपर्यंत, भुवयांपासून नाकाच्या तळापर्यंत आणि तिथून हनुवटीपर्यंत. दोन डोळ्यांमध्ये साधारण एका डोळ्याएवढे अंतर असते. हे सूत्र म्हणून पाठ करून घेऊ नये, बोटांनी मोजून पडताळून घ्यावे. कोणाचे कपाळ मोठे निघेल, कोणाची हनुवटी लहान, आणि त्या फरकातच त्या माणसाचा चेहरा असतो. मग माती. आधी अंड्यासारखा उंचवटा, मग अंगठ्यांनी दोन खोबणी दाबायच्या. डोळे काढायचे नाहीत, खड्डे करायचे. पहिल्या तासाअखेर वर्गात डोळे नसलेले, पण खोबणी, नाकाची पाचर आणि जबडा असलेले चेहरे हवेत. दुसऱ्या तासाला खोबणीत मातीची गोळी ठेवायची आणि तिच्यावर पापण्यांच्या दोन पट्ट्या पांघरायच्या. मूल पेन्सिल घेऊन मातीवर डोळ्याची रेघ ओढू लागले तर हळूच थांबवावे, रेघ ही कागदाची सवय आहे. आठवड्यागणिक पाट फिरवून चेहरा चारही बाजूंनी, खालून आणि वरूनही पाहायला लावावा. सगळे जमल्यावर शेवटी प्रत्येक आकार थोडा वाढवावा. कागदाचा प्रत्येक थर खाचेवरून ताणला जातो आणि खाच उथळ करतो, त्यामुळे मातीत बरोबर वाटणारी खोली कागदात उरत नाही. भोवाड्याच्या कारागिरांची अतिशयोक्ती इथे मुलांना सहज कळते.

कागद चढवण्याचे काम सोपे आहे, पण घाईने बिघडते. कात्रीने कापलेला तुकडा वापरू नये, फाडलेला वापरावा. फाडलेल्या कडेचे तंतू मोकळे असतात आणि एकमेकांत मिसळतात, कापलेली कड शेवटपर्यंत दिसत राहते. गालावर दोन बोटे रुंदीचे तुकडे चालतात, नाकपुडीशी नखाएवढेच हवेत. मातीवर राख भुरभुरून पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कागदाचा, खळीशिवाय. त्यापुढचे थर खळीचे. एक थर वर्तमानपत्राचा आणि एक जुन्या वहीच्या पांढऱ्या पानांचा असा आलटून पालटून घेतला, तर कुठे थर राहिला ते लगेच दिसते आणि मोजण्याचा वाद होत नाही. सहा ते आठ थर पुरतात. एक वाटी मैद्याला पाच-सहा वाट्या पाणी घेऊन शिजवलेली खळ चांगली, चिंचोक्याची खळ त्याहून चिवट. जुने बाइंडर खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. मुलांच्या हाती जाणाऱ्या खळीत तो मुळीच घालू नये, तो विषारी आहे. आपल्याकडे अनेक घरांत बायका कागदाच्या लगद्यात वाटलेली मेथी घालून टोपल्या करत आल्या आहेत, तो उपाय सुरक्षित आहे. लगदा इथे भुवया, ओठ आणि फाटलेल्या कडांच्या डागडुजीपुरताच वापरावा. सगळा मुखवटा लगद्याचा केला तर वाळायला फार वेळ लागतो आणि आकसल्याने घडवलेले बारकावे जातात.

वाळवण्याबाबत आपल्या प्रदेशाची प्रकृती लक्षात घ्यावी लागते. पावसाळ्यात खळीला बुरशी धरते. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांकडे जातो, त्या उन्हात ठेवलेले कवच वरून कडक होते, आतून ओले राहते आणि वेडेवाकडे होते. दिवाळीनंतर सुरू करून जानेवारीपर्यंत संपवावे, आणि तेव्हाही वारा खेळणाऱ्या सावलीतच वाळवावे. तीन-चार दिवसांनी वरून कोरडे झाले की कवच अलगद सोडवून उलटे ठेवावे, म्हणजे आतली बाजूही वाळते. मातीचा चेहरा खालून कोरून काढला तर नाकपुडी आणि हनुवटीखालच्या आत वळलेल्या जागा फाटत नाहीत. पण जोडीतल्या दुसऱ्या मुलाला त्याच मातीवरून कवच घ्यायचे असेल तर त्या जागा आधीच थोड्या बुजवून घ्याव्यात, म्हणजे माती शाबूत राहते. पाहण्यासाठी भोके पाडताना मुखवट्याचा डोळा आणि मुलाचा डोळा एकाच जागी आणण्याचा अट्टहास करू नये. घडवलेली पापणी भोसकण्यापेक्षा तिच्याखालच्या सावलीच्या खाचेत भोक घ्यावे. ते पुरेसे रुंद मात्र हवे, कारण हा मुखवटा घालून मूल मंचावर चालणार आहे.

यावर शिक्षकांचा पहिला प्रश्न वेळेचा असतो, आणि तो खोटा नाही. आठवड्याला दोन तास, त्यात निबंध-वक्तृत्व स्पर्धा, सुट्ट्या, घटक चाचण्या. वर्णन केलेले काम अशा तासांत आठ ते दहा आठवडे घेते. मुख्याध्यापकांशी बोलून हे दोन तास जोडून घेतले तर माती काढण्या-ठेवण्यातला निम्मा वेळ वाचतो. दुसरा आक्षेप जास्त खोलवरचा आहे. पालक आणि शाळा शासकीय रेखाकला परीक्षांकडे पाहतात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटमध्ये वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन असते, सगळे कागदावरचे. इंटरमिजिएटचे गुण दहावीला उपयोगी पडतात, मुखवट्याचे पडत नाहीत. पण वस्तुचित्रात मुले कुठे अडतात ते पाहावे. तांब्याची कड काढता येते, पण छाया कुठे द्यायची ते कळत नाही, म्हणून ती सगळीकडे सारखी घासली जाते. ज्या मुलाने गालाचे हाड मातीत वळवले आहे त्याला पृष्ठभाग कुठे वळतो आणि उजेड कुठे तुटतो हे आता बोटांनी माहीत असते. मातीचे चेहरे तयार असताना एका तासाला तेच समोर ठेवून छायाप्रकाशाचे चित्र काढून घ्यावे. परीक्षेची तयारी म्हणूनही तो तास वाया जाणार नाही. तिसरी अडचण शिक्षकाची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीची पटसंख्या शंभरावर असेल तिथे कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा अशी तरतूद आहे. तो नसलेल्या शाळांत हे काम वर्गशिक्षकावर येते, आणि त्याला चित्र काढता येत नसले तरी बिघडत नाही. इथे शिक्षकाने करून दाखवायचे कमी आणि ‘बाजूने पाहिलेस का?’ हे विचारायचे जास्त असते.

कोणी सुचवेल की एवढी माती कशाला, प्लास्टर ऑफ पॅरिसने मुलाच्या चेहऱ्याचाच साचा घ्यावा, तासात काम होते. हे करू नये, आणि त्याला दोन कारणे आहेत. प्लास्टर घट्ट होताना तापते. इंग्लंडमध्ये २००७ साली शाळेच्या कलावर्गात १६ वर्षांच्या एका मुलीने हाताचा साचा करण्यासाठी हात प्लास्टरमध्ये ठेवले आणि भाजल्यामुळे तिला बहुतेक सगळी बोटे गमवावी लागली. नाक-डोळ्यांवर ते ओतण्याचा विचारही शाळेत येता कामा नये. दुसरे कारण शिक्षणाचे. साच्यातून हुबेहूब चेहरा निघतो, पण तो घडवताना मुलाने एकही निर्णय घेतलेला नसतो. जे फुग्याचे, तेच साच्याचे.

कवच सुटले, आतून-बाहेरून वाळले, की लगेच रंगाच्या बाटल्या काढू नयेत. व्हायटिंग पावडर आणि फेव्हिकॉल पाण्यात कालवून दोन पातळ हात द्यावेत, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवावा आणि वर्गातले सगळे मुखवटे पांढरेच एका भिंतीवर टांगावेत. मग खिडक्या बंद करून एकच बॅटरी घ्यावी. समोरून उजेड टाकला की सगळे चेहरे सपाट दिसतात. तीच बॅटरी बाजूला नेली की नाक उठते, खोबणी काळोखात जातात. खालून धरली की मशालीतल्या सोंगासारखा चेहरा पालटतो. ज्या मुखवट्यावर बाजूच्या उजेडातही सावली पडत नाही, त्याची माती कुठे कमी पडली ते मुलाला स्वतःलाच दिसते, शिक्षकाला सांगावे लागत नाही. चाळीसगावचे केकी मूस यांचे काम इथे मुलांसमोर आणावे. १९१२ ते १९८९ या आयुष्यातला मोठा काळ त्यांनी त्या गावात एकांतात घालवला. चित्रकला, मातीची शिल्पे, छायाचित्रण असे त्यांचे काम आहे आणि ते चाळीसगावच्या कलादालनात पाहता येते. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, उजेड हवा तसा टाकून ते अशी छायाचित्रे काढत की पाहणाऱ्याला तिथे भलतेच दृश्य दिसावे. वस्तूवर उजेड कुठून पडतो यावर ती काय दिसते हे ठरते, आणि हे दाखवून देणारा माणूस आपल्याच जिल्ह्यात होऊन गेला. शाळेतल्या एका मोबाइलवर प्रत्येक मुखवट्याची तीन दिशांच्या उजेडातली तीन छायाचित्रे काढून ठेवावीत. मूल्यमापनाला ती पुरेशी आहेत.

रंगासाठी मग दोनच तास ठेवावेत आणि रंगही दोन-तीनच द्यावेत. गेरू, काजळी आणि पांढरा एवढ्यावर उत्तम काम होते. खाचांत गडद रंग लावून वरचा भाग ओल्या फडक्याने पुसला की उंचसखलपणा आणखी उठून दिसतो. चकमकी, टिकल्या, कापसाच्या मिशा यांना मनाई करण्याची गरज नाही, मात्र त्या आकार झाकत असतील तर मुलाला तसे विचारावे. मिशा हव्याच असतील तर केळीच्या खोडाचा धागा शोभून दिसतो आणि रावेर-यावल भागात त्याची वाण नाही. गुण देताना साम्य आणि सफाई यांना कमी वजन द्यावे. खोबणी खरोखर आत गेली आहे का, चेहरा बाजूनेही चेहरा वाटतो का, आणि समोर ठेवलेल्या माणसाचे एखादे वैशिष्ट्य, त्याची पुढे आलेली हनुवटी किंवा जाड पापणी, मुलाने पाहून पकडले आहे का, एवढे पाहावे. दृष्टी अधू असलेले मूल वर्गात असेल तर त्याला बाजूला बसवून वेगळे सोपे काम देऊ नये. या पाठात ते इतरांच्या बरोबरीने आहे, आणि डोळे मिटून तपासण्याच्या तासाला तर त्यालाच इतरांचे चेहरे तपासायला सांगावे.

सातवीत मुखवटा केलेल्या वर्गाला आठवीत पुढची पायरी देता येते. पिंपातली तीच माती, पाटावर एक काठी उभी ठोकून तिच्याभोवती कागदाचा गोळा, आणि आता चेहऱ्याच्या मागे कान, डोक्याची पाठ आणि मान. मुखवट्याला मागची बाजू नसते, डोक्याला असते, आणि कान हा जबड्याच्या मागे, भुवई आणि नाकाच्या तळाच्या मधल्या उंचीवर बसतो हे शोधायला मुलांना पुन्हा स्वतःच्या डोक्यावर हात ठेवावा लागतो. त्यासाठी मातीचे पिंप वर्षभर ओले ठेवायचे आहे. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यातच त्यात पाणी आहे का ते पाहून घ्यावे.